अबारी खाली असताना दिलेलं शेत

“पाणी किती खोल आहे ते मी सांगेन, ते कुणाचं आहे ते मला विचारू नका,” असं अबारी एकदा जिल्ह्याच्या साहेबाला म्हणाला होता. एका आडावरून दोन गावांत काठ्या चालल्या होत्या. आड अबारीनं खणलेला, म्हणून तो कुणी खणायला सांगितला हे विचारायला साहेबानं त्याला बोलावून घेतलं होतं. साहेब पश्चिमेकडचा, नदीकाठचा. त्याच्या मुलखात पाणी समोर दिसतं. आमच्याकडे ते आहे असं आधी मानावं लागतं आणि मग खणावं लागतं. साहेबानं अहवालात लिहिलं, ‘साक्षीदार सहकार्य करत नाही.’ तो कागद फिरत फिरत माझ्या कपाटात आला आणि अजून तिथेच आहे.

मी आमच्या परगण्याच्या जमीन समितीचा चिटणीस. त्याआधी बावीस वर्षं कुर्नावा गावात शाळामास्तर होतो; लोक अजूनही मला मालम, म्हणजे गुरुजीच, म्हणतात. जन्मानं मी फुलानी. मोठ्या दुष्काळात आमची गुरं गेली आणि बापानं मला शाळेत बसवलं, कारण राखायला काही उरलं नव्हतं. अबारी बेरीबेरी, शेतकरी जमातीचा. फुलानी आणि बेरीबेरी हे एकमेकांचे थट्टेचे भाऊबंद. एकमेकांना गुलाम म्हणायचं, चोर म्हणायचं, कुणी मेलं तर जनाजासुद्धा अडवून धरायचा, आणि कुणी रागवायचं नाही. जो रागावेल त्याचंच हसं होतं. त्यामुळे तीस वर्षं अबारीच्या अंगणात माझं स्वागत एकाच तऱ्हेनं झालं.

“आला का माझा गुलाम? हात रिकामे दिसतात. आज कुणाची गाय मिळाली नाही वाटतं चोरायला?”

“आणली होती. तुझं अंगण बघून तीच मागे फिरली. म्हणाली, इथे गवत नाही, नुसतं बेरीबेरीचं तोंड आहे.”

“बस, दूधपित्या. यागाना, ह्याला तुवो वाढ. दातांना जरा काम मिळू दे.”

यागाना म्हणजे त्याची बायको. बाजरीच्या पिठाचा घट्ट गोळा, म्हणजे तुवो, आणि अंबाडीचं कालवण आमच्यामध्ये ठेवताना ती म्हणायची, “दोघंही गुलाम. ह्या घराला मालक म्हणून कुणी नाहीच.”

अबारीच्या ओळखपत्रावर जन्मतारीख एक जानेवारी आहे. गावातल्या निम्म्या लोकांची तीच आहे; कागद करणाऱ्या कारकुनाला दुसरी तारीख सुचत नसे. ज्या वर्षी टोळांनी छपराचं गवतसुद्धा खाल्लं त्या वर्षी हा झाला, असं त्याची आई सांगायची. आड खणायला तो मामाकडून शिकला. मामा एका आडात राहिला, म्हणजे वर आलाच नाही. लोकांनी तो आड तसाच बुजवला आणि तिथे आता कुणी पेरत नाही. त्यानंतर आठ दिवसांनी अबारी शेजारच्या गावी दुसऱ्या आडात उतरला. भीती वाटली नाही का, असं मी विचारलं होतं.

“वाटली की. पण त्या गावाचा सांगावा आधी आला होता.”

आमची जमीन फसवी. वर दीड-दोन परस, म्हणजे दीड-दोन माणसं उभी बुडतील एवढी, सैल वाळू, मग कुदळ उडेल असा तांबडा मुरूम, मग पांढरी चिकणमाती, आणि तिच्याखाली कुठे कुठे पुन्हा वाळू. ही दुसरी वाळू माणसं मारते. उभं राहून पाहिलं तर सगळीकडे सारखंच दिसतं: रुई, हिंगणबेट, बाभळीची खुरटी झाडं आणि मधेमधे पेरलेली बाजरी. अबारी सकाळी उठून वारुळं बघत फिरायचा, वारुळाची माती जिभेवर ठेवायचा, आणि एका ठिकाणी टाच रोवून सांगायचा, “इथे. अठरा परस असेल.” एकोणीस निघालं तर दिवसभर कुणाशी बोलायचा नाही. जे स्वतः उतरून पाहिलं नाही त्याला तो ‘आहे’ म्हणत नसे. मुलगी झाली त्या दिवशी शेजाऱ्यांनी अभिनंदन केलं तर म्हणाला, “असेल, मी अजून आत गेलो नाही.” गावानं त्यावरून त्याला ‘असेल-अबारी’ म्हणायला सुरुवात केली.

आडाच्या कामात एक माणूस उतरतो आणि एक वर दोरी धरतो. माती ओढायला गावातले चौघं-पाचजण असतात, पण उतरणाऱ्याच्या कमरेची दोरी एकाच्याच हातात. आडात हाका मारायच्या नसतात. खालून ओरडलं तर वर नुसता घुमारा येतो, आणि वरून ओरडलं तर कडेची वाळू सुटते. एक हिसका म्हणजे घमेलं ओढा, दोन म्हणजे थांबा, तीन म्हणजे मला ओढा. बाकीचं सगळं वर आल्यावर. मधल्या वेळात वर काय घडलं ते दोरीवाल्याला विचारायचं आणि तो सांगेल ते धरून चालायचं. ज्याच्या हातात जीव दिला त्याचं बोलणं तपासत बसलं तर उतरणार कोण?

अबारीची दोरी एकोणीस वर्षं ग्रेमाच्या हातात होती.

ग्रेमाही बेरीबेरीच, त्याच गावचा, उंच आणि बोलका. अबारी खाली असला की ग्रेमा वर जमलेल्या लोकांना हसवायचा, कुणाची लग्नं जमवायचा, कुणाची मोडायचा, पण बोट दोरीवरून हलायचं नाही. एकदा उत्तरेकडच्या एका आडात दुसरी वाळू सुटली आणि अबारी छातीपर्यंत गाडला गेला. ग्रेमानं काठावरच्या लाकडात पाय अडकवले आणि दोरी ताणून धरून तो बसून राहिला, सकाळपासून दुपारच्या नमाजापर्यंत. दोरी सैल पडली असती तर अबारी आणखी खाली गेला असता. ही हकिगत अबारीनं मला कधी सांगितली नाही. ग्रेमानं मात्र प्रत्येक सणाला सांगितली. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती दुपारपर्यंतची होती; मी शाळेची नोकरी सोडली तोवर ती दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत पोचली होती. अबारी शेजारी बसून ऐकायचा. कुणी विचारलं, “खरं का रे?” तर म्हणायचा, “खाली वेळ कळत नाही.”

दोघांनी मिळून खणलेला शेवटचा आड आमच्या कुर्नावाचा. त्याला आता चाळीस वर्षं झाली. गाव तेव्हा चार कोसांवरून गाढवांवर पाणी आणत होतं. बावीस परसांवर पाणी लागलं. जुना मुखिया कोलो इतका खूश झाला की आडाच्या पूर्वेचं शेत त्यानं तिथल्या तिथे, लोकांसमोर, अबारीला देऊन टाकलं आणि ग्रेमाला एक गाय आणि तिचं वासरू. गावात हे असंच सांगतात. मीही असंच ऐकत आलो. गाय-वासरू विकून ग्रेमा सीमेपलीकडे, नायजेरियातल्या कानो शहरात गेला. अबारी शेत पेरत राहिला: बाजरी, ओळींमधे चवळी, बांधाला अंबाडी. गुडघे गेले, खणणं सुटलं, तेव्हा तेवढंच हातात राहिलं. त्या शेतावर सहा माणसं जेवतात. तो, यागाना, विधवा होऊन परत आलेली मुलगी झारा आणि तिची तीन पोरं.

ग्रेमा कानोला कातड्यांच्या धंद्यात शिरला. सणाला यायचा तेव्हा अबारीसाठी कापड आणायचा, यागानासाठी साबण. मक्केला जाऊन आला आणि एलहाजी झाला. तीन वर्षांपूर्वी कायमचा परतला आणि त्यानं सिमेंटचं घर बांधलं. मग झिंदेर शहराकडून डांबरी रस्ता आला. तो नेमका त्या शेताच्या कडेनं गेला. जिथे इतकी वर्षं शेळ्या थांबत नव्हत्या तिथे आता ट्रक थांबू लागले.

ह्याच सुमारास समितीनं मला प्रत्येक शेताची मोजणी करून नोंद करायला सांगितलं. उपग्रहावर चालणारं एक छोटं यंत्र मिळालं होतं. ते हातात घेऊन बांधावरून चालायचं. अबारीच्या शेतावर मी गेलो तो दिवस मला नीट आठवतो, कारण वारा नव्हता.

“इथून धर,” अबारी म्हणाला, “त्या बोरीपर्यंत.”

“नाव?”

“मालकाचं नाव विसरलास, गुलामा?”

मी लिहिणार एवढ्यात रस्त्याच्या बाजूनं ग्रेमा आला. पांढरा झगा, हातात माळ. “मालम, पेन थांबव,” तो म्हणाला. “नाव माझं घाल.”

अबारीला ती थट्टा वाटली. “तुझं मावेल का त्या वहीत? आता पुढे एलहाजी लागलंय.”

“मी थट्टा करत नाही, अबारी. हे शेत कोलोनं मला दिलं होतं. मी कानोला निघालो होतो, एकटा जीव, शेत घेऊन काय करणार होतो? म्हणून तुला कसायला दिलं. आता मला हवंय.”

“चाळीस वर्षांनी?”

“मागितलं नाही म्हणून माझं नव्हतं असं होतं का?”

अबारी माझ्याकडे वळून म्हणाला, “ते यंत्र बंद कर. उगीच बॅटरी जाईल.”

समितीपुढे दोनदा बसणं झालं. कागद नव्हता. कोलो मुखिया जाऊन तीस वर्षं झाली होती. त्या दिवशी आडावर उभे असलेले लोक एक तर कबरीत होते, नाहीतर नायजेरियात कुठेतरी, आणि तिथल्यांचा ठावठिकाणा लागेना. कोलोच्या मुलाला बोलावलं तर तो म्हणाला, मी तेव्हा आईच्या पाठीवर होतो, मला काय विचारता. ग्रेमा दोन्ही वेळा शांतपणे, एकाही शब्दाचा फरक न करता तेच बोलला. अबारी दोन्ही वेळा एवढंच म्हणाला, “मी ते पेरतो.” प्रकरण सर्कीकडे गेलं.

सर्की म्हणजे परगण्याचा परंपरेनं आलेला धनी. राजधानीत सरकारं बदलतात, लष्कर येतं, जातं, नव्या साहेबाबरोबर नवे शिक्के येतात. पण जमिनीचा तंटा सर्कीच्याच ओट्यावर सुटतो आणि तिथे झालेला कागद झिंदेरचा न्यायाधीशही सहसा मोडत नाही. सर्कीनं दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, कागद नाही, साक्षीदार नाही, तेव्हा कुराण. दिवस ठरला पुढच्या सोमवारचा, पेरणीच्या आधीचा.

शपथेची रीत सरळ आहे. ज्याच्या ताब्यात शेत आहे त्याला आधी विचारतात. त्यानं कुराणावर हात ठेवून शपथ घेतली की शेत त्याचं आणि वाद संपला. त्यानं घेतली नाही की शेत समोरच्याचं. खोटी शपथ घेणाऱ्याच्या घरात वर्षाच्या आत काहीतरी होतं असं सगळे धरून चालतात. मी कारकून माणूस. मीसुद्धा वीस वर्षांतल्या शपथा आणि त्यानंतरची मरणं एकदा जोडून पाहायला बसलो होतो. अर्ध्यात वही मिटली. आणि गंमत अशी की ज्याची बाजू खरी तोच जास्त घाबरतो. खोट्या माणसानं आपलं बोलणं ठरवून आणलेलं असतं. खरा माणूस शब्द शोधत बसतो.

शपथेला चार दिवस होते तेव्हा मी एक प्रयत्न केला. थट्टेच्या भावाला एक हक्क असतो: दोघांच्या भांडणात तो मधे पडू शकतो, आणि त्याला रिकाम्या हातानं परत पाठवणं वाईट दिसतं. मी सकाळी ग्रेमाच्या घरी गेलो आणि त्याच्या उंबऱ्यावर आडवा झोपलो.

ग्रेमाची धाकटी बायको आतून ओरडली, “एलहाजी! दारात एक फुलानी मरून पडलाय!”

“मेला असेल तर पुरा. जिवंत असेल तर शेळ्या मोजून घ्या,” आतून आवाज आला. मग तो स्वतः आला. “ऊठ रे गुलामा. नवीन फरशी आहे, डाग पडेल.”

“नाही उठत. माझा मालक म्हणवून घेतोस ना? मग दे, मी मागतो ते.”

“काय हवंय?”

“आडाच्या पूर्वेचं शेत. अबारीच्या नावावर.”

तो हसला. मनापासून हसला, ते मला जास्त लागलं. मग त्यानं नोकराला सांगून एक मेंढा सोडवून आणवला आणि दोरी माझ्या हातात दिली. “थट्टेत मागितलंस, थट्टेत दिलं. रिकाम्या हातानं पाठवलं असं कुणी म्हणायला नको. जा आता, रानात जाऊन हा मेंढा राख, तुझ्या बापाचा धंदा.”

मी मेंढा घेऊन भर गावातून घरी आलो. लोक हसत होते. रिवाज पुरा झाला होता आणि शेत होतं तिथेच होतं.

आदल्या दिवशी दुपारी अबारीकडे गेलो. अंगणात कडुनिंबाखाली तो पाय पसरून बसला होता. झारा उखळात बाजरी कांडत होती. मला गुलाम म्हणायचंही तो विसरला. यागानानं मात्र मला बसूसुद्धा दिलं नाही.

“मालम, तुम्हीच सांगा ह्यांना. उद्या हात ठेवायचा आणि घरी यायचं. एवढं काय आहे त्यात? चार दिवस झाले, धड जेवत नाहीत.”

“शपथेत बोलायचं काय असतं?” अबारीनं मला विचारलं. “नेमके शब्द.”

“‘कोलो मुखियानं हे शेत मला दिलं, दुसऱ्या कुणाला दिलं नाही.’ एवढंच.”

“मी ते ऐकलं नाही.”

“म्हणजे?”

“कोलो बोलला तेव्हा मी खाली होतो.” तो गुडघा चोळत होता. “पाणी लागलं. मी ओल्या वाळूचं घमेलं वर पाठवलं. वर गलका झाला तेवढा कळला. मला ओढून घेतलं तोवर लोक नाचत होते आणि कोलो घरी निघून गेला होता. ग्रेमा म्हणाला, शेत तुझं, गाय माझी.”

झाराचं मुसळ थांबलं. हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

“आणि तुम्ही कोलोला कधी विचारलं नाहीत?” यागाना म्हणाली.

“दोरीवाल्यानं सांगितल्यावर पुन्हा जाऊन विचारायचं?”

“अहो, कोलो त्यानंतर दहा वर्षं जगला. दहा वर्षं तुम्हाला तिथे पेरताना बघत होता. कधी बोलला का, की हे तुझं नाही?”

“नाही.”

“मग झालं की!”

“बोलला नाही हे खरं. ‘दिलं’ असं बोलला, हे मी ऐकलं नाही. शपथ ‘दिलं’ची आहे.”

यागाना माझ्याकडे वळली. “बघा, मालम. पंचेचाळीस वर्षं मी हे सोसलंय. सूर्य उगवला का विचारलं तर हा माणूस बाहेर जाऊन बघून येतो. उद्या ह्या पोरांना काय घालू? ‘असेल’ शिजवून घालू?”

“आई,” झारा म्हणाली.

“आई काय? तुझा बाप मऊ आहे म्हणून सांगते. समोरचा खोटं बोलतोय, आणि घाबरतोय कोण तर हा!”

“ती बरोबर बोलतेय,” मी म्हणालो. “ग्रेमा खोटं बोलतोय, हे तुलाही माहीत आहे.”

“आता, का तेव्हा?” अबारीनं विचारलं.

मी कडुनिंबाच्या बुंध्याला टेकलो.

“तेव्हा खोटं बोलला असेल तर शेत त्याचं, आणि त्यानं चाळीस वर्षं मला खाऊ घातलं. आता बोलत असेल तर शेत माझं, आणि मग तो माणूस वेगळाच कुणीतरी आहे. मी एकोणीस वर्षं कुणाच्या हातात दोरी दिली होती ते मला कळायला नको?”

“ते उद्या ठरायचं नाहीये. उद्या फक्त शेत ठरायचं आहे,” मी म्हणालो. अजूनही मला वाटतं की मी बरोबर बोललो होतो. पण तेव्हा त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं एकोणीस निघाल्यावर तो अठरा सांगितलेल्या जागेकडे बघायचा.

सोमवारी सकाळी सर्कीच्या मातीच्या दरबारात बसायला जागा नव्हती. तीन गावांतून लोक आले होते. लाल-हिरव्या झग्यातले पहारेकरी दारात उभे होते आणि ओळखीच्यांना उगीच ढकलत होते. बायका बाहेरच्या ओसरीत, खिडकीशी. सर्की ओट्यावर, शेजारी इमाम, त्यांच्यापुढे चटईवर कापडात गुंडाळलेलं कुराण. मी खाली, वही उघडून. नाव आणि निकालाची ओळ रिकामी ठेवून बाकी सगळं घरूनच लिहून आणलं होतं.

ग्रेमा आधीच येऊन बसला होता. अबारी आला, कोपऱ्यातल्या किटलीतलं पाणी घेऊन त्यानं हात, तोंड, पाय नीट धुतले. त्याबरोबर लोकांत कुजबूज झाली: घेणार, शपथ घेणार. मलाही तसंच वाटलं. मी पेनाचं टोपण काढलं.

तो चटईपाशी बसला. इमामानं कापड सोडलं.

“अबारी,” सर्की म्हणाला, “माझ्या बापाच्या अंगणातला आडही तूच खणलास. आम्ही अजून तेच पाणी पितो. इथे कुणी तुझं वाईट बघायला बसलेलं नाही. हात ठेव आणि इमामांमागून बोल.”

“सर्की, शब्द थोडे बदलता येतील का?”

“कसे?”

“‘कोलोनं हे शेत मला दिलं असं ग्रेमानं मला सांगितलं.’ असे.”

लोकांत गलका झाला. इमामानं मान हलवली. “ऐकीव गोष्टीवर शपथ होत नाही. दिलं की नाही दिलं, एवढंच.”

सर्कीनं हात वर केला. मग तो ग्रेमाकडे वळला. “एलहाजी, तू ह्याला तसं सांगितलं होतंस का?”

ग्रेमाच्या बोटांतली माळ थांबली आणि पुन्हा चालू लागली.

“चाळीस वर्षं झाली, सर्की. लोक नाचत होते, ढोल वाजत होते. कुणी काय म्हटलं कोण लक्षात ठेवतं?” मग तो अबारीशी बोलला, अगदी घरगुती आवाजात, जसं काही ते दोघंच होते. “तूच सांग ना, अबारी. कोलोचं बोलणं तू ऐकलंस? तू खाली होतास. मी वर होतो.”

“हात ठेवा!” खिडकीतून यागाना ओरडली. दरबारात बायका बोलत नाहीत. पहारेकरी तिच्याकडे वळला तशी ती आणखी मोठ्यानं ओरडली, “ठेवा म्हणते ना हात! चाळीस वर्षं मी त्या मातीत वाकलेय, ते तरी पाहिलंय ना तुम्ही?”

कुणी हसलं नाही. पहारेकऱ्यानंही काठी खाली केली.

अबारीनं हात पुढे केला. तो कुराणाच्या वर एक वीतभर थांबला. हात अजून ओला होता. इमामानं शपथेचा पहिला शब्द म्हटला आणि तो थांबला, अबारीनं म्हणावा म्हणून. अबारी ग्रेमाकडे बघत होता. रागानं बघत होता असं लोक पुढे म्हणाले. मी तीन हातांवर होतो, मला राग दिसला नाही. एखादं तोंड ओळखू येत नाही तेव्हा माणूस जसं बघतो, तसं तो बघत होता. ग्रेमानं थोडा वेळ ती नजर धरली आणि मग माळेचे मणी मोजायला सुरुवात केली.

“अबारी,” सर्की हळूच म्हणाला, “नाही म्हणालास तर काय होतं ते ठाऊक आहे ना?”

अबारीनं हात मागे घेतला आणि झग्याला पुसून कोरडा केला. दोन्ही तळवे जमिनीला टेकून, आधी एक गुडघा, मग दुसरा, असा तो सावकाश उठला. माझ्या वहीवरून त्याची सावली गेली. लोकांनी पाय ओढून घेत त्याला वाट दिली. दारात त्यानं आपल्या चपला शोधल्या, घातल्या, आणि उन्हात बाहेर पडला.